मुकादम आहे, टोळी नाही

लग्नाला सहा वर्षं होईतो बायकोच्या सगळ्या तपासण्या दोन-दोनदा झाल्या होत्या. ट्यूब उघड्या आहेत का बघायची ती दुखरी तपासणीसुद्धा. माझी वीर्यतपासणी कोणी सांगितली नाही, आणि मीही सोयीस्करपणे विचारली नाही.

शेवटी केली, तर रिपोर्टवर एकच शब्द: निल. शुक्राणू एकही नाही. महिन्याने परत दिली. या वेळी नमुना मशीनमध्ये फिरवून तळाचा थेंब तपासला. तरी निल. एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन) २३, म्हणजे लॅबच्या छापील मर्यादेच्या जवळपास दुप्पट. टेस्टोस्टेरॉन ठीक, गुणसूत्रंही ठीक. नववीत गालगुंड आले तेव्हा खालीही सूज होती का, हे डॉक्टरांनी विचारलं म्हणून आईला फोन केला. होती. जिममधल्या मित्राने 'ताकदीची' इंजेक्शनं सुचवली. डॉक्टर जवळजवळ ओरडलेच: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की असलेलं शुक्राणूंचं कामही बंद पडतं.

मग एका हॉस्पिटलात वृषणाची बायोप्सी. जागा बधिर करून उजवीकडून मसुरीच्या डाळीएवढा तुकडा काढला आणि हळद कालवल्यासारख्या पिवळ्या पाण्यात टाकला. साध्या फॉर्मलिनमध्ये वृषणातल्या नाजूक नळ्या आक्रसतात, म्हणून हे वेगळं पाणी, असं तिथल्या मुलाने सांगितलं. आठवडाभर लंगोट घालायचा, गाडी बंद. ऑफिसात हर्निया सांगितला.

रिपोर्ट: 'सर्टोली सेल ओन्ली'. दोन मिनिटांत डोनरच्या शुक्राणूंचा विषय निघाला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. तुकडा एकच, तोही एकाच बाजूचा, हे मला तिथे कोणी बोललं नाही.

पुण्यातल्या डॉक्टरांनी आम्ही सांगलीकडचे म्हटल्यावर उसाच्याच भाषेत समजावलं. शुक्राणूंना वाढवतात, सांभाळतात त्या सर्टोली पेशी. मुकादम आहे, तोडणीची टोळीच आलेली नाही. "मग दाढी-मिशी कशी?" मी विचारलं. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लेडिग पेशी नळ्यांच्या मधल्या जागेत असतात, त्यांचं काम वेगळं चालतं. मर्दानगीचा आणि या रिपोर्टचा संबंध नाही, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

त्यांनी बायोप्सीच्या जुन्या स्लाइड आणि तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक मागवला. (मागितल्यावर मिळतात, मागा.) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला एका कोपऱ्यातल्या दोन नळ्यांत अर्ध्यावर थांबलेल्या पेशी दिसल्या. म्हणजे सगळं रान ओसाड नव्हतं. बायोप्सीला एक ठिपका दिसतो; शेजारच्या ठिपक्यात काम चालू असू शकतं.

म्हणून मायक्रो-टीसे, म्हणजे वृषण उघडून शुक्राणू शोधायचं ऑपरेशन. पूर्ण भूल, सूक्ष्मदर्शकाखाली नळी न् नळी बघायची. रिकाम्या नळ्या बारीक, कामाच्या जरा जाड आणि पांढुरक्या. साधारण निम्म्या जणांत शुक्राणू मिळतात, माझ्यासारख्या रिपोर्टात त्याहून कमी, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं. उजवीकडे काही नाही. डावीकडे, तिसऱ्या तासाला, नऊ. इक्सीला, म्हणजे लॅबमध्ये शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात त्याला, एका बीजाला एकच लागतो.

नऊच्या नऊ गोठवून ठेवलेत. हिची इंजेक्शनं पुढच्या पाळीला सुरू होतील. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "अहो, ऑफिसात या वेळी काय सांगणार? हर्निया तर झाला सांगून."