गुडघ्याखालचा टॉवेल

आमच्या घरात एक टॉवेल आहे, त्याने आजवर कुणाचं अंग पुसलेलं नाही. मूळचा मोरपंखी, आता धुऊन धुऊन विटलेला. एका बाजूला किनारीचे दोरे सुटलेत, मधोमध फुलोरा दबून सपाट झालाय. कपाटात तो टॉवेलांच्या गठ्ठ्यात नसतो, माझ्या एमआरआयच्या मोठ्या पाकिटांशेजारी असतो. आई त्याला 'पायाचा टॉवेल' म्हणते आणि पाहुण्याने चुकून उचलला तर गोड बोलून हातातून काढून घेते.

पहिल्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडमनी विचारलं होतं, "घरी जाडसर टॉवेल आहे ना?" सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न! इथं लग्नात टॉवेल, सत्कारात टॉवेल-टोपी, परगावी जाताना न्यायला टॉवेल आणि चादर. घरात एखाद दिवस पाणी नसेल, टॉवेल नाही असं होत नाही.

व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, पाय सरळ, गुंडाळी खाली दाबायची, पाच मोजायचं, सोडायचं. मी दाबायला गेलो आणि काहीच झालं नाही. मांडी माझीच, पण हललीसुद्धा नाही. सांध्यात सूज असली की तिथून उलटे निरोप जातात आणि मांडीचा पुढचा स्नायू पुरता आवळतच नाही, असं मॅडम म्हणाल्या. मी मात्र घाबरून त्या मांडीकडे टक लावून बघत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटीच्या वर कातडीला बारीकशी सुरकुती पडली. आईने ती बाबांना फोनवर सांगितली, घरात पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराची बातमी सांगावी तशी.

तेव्हा मी सतरा वर्षांचा. खो-खो खेळताना चकवा द्यायला वळलो, अंग वळलं, पाऊल मातीत तसंच रुतलेलं. आतून 'टक्' असा आवाज आला, तो मलाच नाही, शेजारी बसलेल्या गड्यालाही ऐकू गेला. गुडघ्याच्या आतला बंध, एसीएल, तुटला होता. मांडीच्या मागची शीर काढून त्या जागी बसवली. त्या वेळी माझा थाट होता. मोसंब्यांच्या पिशव्या, मित्रांचा घोळका, प्लास्टरवर सह्या करायला आलेली आणि प्लास्टरच नाही म्हणून खट्टू झालेली भावंडं.

दुसऱ्या वेळेला सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी नळाखाली उकिडवा बसून बादल्या भरत होतो, उठायला गेलो तर गुडघा अर्ध्यातच अडकला. ना सरळ होई, ना वाकेल. आतली गादी फाटून तिचा तुकडा सांध्यात आडवा आला होता. या फाटण्याला डॉक्टरी भाषेत 'बकेट हँडल' म्हणतात, म्हणजे बादलीची कडी. बादली हातात असताना बादलीच्या कडीनेच घात करावा, याचं मला त्या वेदनेतही हसू आलं. बाबांना नाही आलं. नळ चालू होता आणि पाणी वाया चाललं होतं.

तिसऱ्या वेळी डावा पाय. रिक्षातून उतरताना वाटी बाजूला सरकली. चौथ्या वेळी पुन्हा उजवा, कारण जुनी बसवलेली शीर सैल झाली होती. तोवर घोळका आटला होता. एक मित्र आला, दारातूनच म्हणाला, "काय बे, परत?" मग माझ्या खाटेवर बसून त्याने माझीच शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि तासभर स्वतःच्या नोकरीबद्दल बोलला. मला ते फार बरं वाटलं, खरंच. "परत कसं काय?" असं विचारणाऱ्यांना काहीतरी कारण हवं असतं. पडलास का, गाडीवरून घसरलास का, कुणी धक्का दिला का? रिक्षातून उतरलो, एवढंच उत्तर दिलं की माणसं माझ्याकडे संशयाने बघतात. "एवढ्याशाने?" हाच तर वैताग आहे. सव्विसाव्या वर्षी मी दुसऱ्यांचे जिने मोजतो, लग्नात खाली पंगत आहे का हे आधी विचारून घेतो आणि आजीच्या वयाच्या बायका बसमध्ये मला जागा देतात. मी घेतोही.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा सगळे वर बघतात. पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातली माणसं ते उंच सातही नंदीध्वज तोलत चालतात. मी दोन कुबड्यांवर गर्दीच्या कडेला उभा होतो आणि खाली बघत होतो, त्यांच्या गुडघ्यांकडे. हात जोडायचं राहूनच गेलं.

चौथ्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी माझा अंगठा मनगटाकडे वाकवून बघितला, करंगळी मागे नेली, कोपर, गुडघे, मग वाकून तळवे जमिनीला टेकवायला लावले. याला नऊ मार्क असतात, मला सात मिळाले. सांधेच मुळात सैल. आयुष्यात अभ्यासाशिवाय इतके मार्क दुसरीकडे कुठे पडले नाहीत.

हे मी शेजारच्या मामांना सांगितलं. मामा सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांतले, चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभे राहिलेले, आता घरी असतात. ते म्हणाले, "सैल वाईट नाय रे. टॉवेलला दोन बीम लागतात, उभ्या धाग्यांचे, म्हणजे ताण्याचे, दोन रूळ. एकाचा ताणा घट्ट, एकाचा सैल." मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून त्यांनी दाखवलं: आडवे धागे आधी थोडे लांबच ठेवतात, तिसरा धागा आला की सगळे एकदम पुढे ठोकतात, घट्ट ताणा जागेवर राहतो आणि सैल ताण्याला पळायला वाव नसल्याने तो वर उभा राहतो. तोच टॉवेलचा फुलोरा, पाणी पितो तो. "दोन्ही घट्ट घेतले तर नुसतं कापड." ऐकायला छान होतं. माझ्यात घट्ट बीम बसवायचंच राहिलंय, असं मी म्हणालो, तर मामा मोठ्याने हसले आणि हसता हसता गुडघा धरून खुर्चीत बसले.

त्यांचा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं, दाखवत नसत एवढंच. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांनाही मांडीचे व्यायाम लिहून दिले. कागद घेऊन ते आमच्याकडे आले. कागदावर बाणांची चित्रं होती, त्यांना काही उमगलं नव्हतं. मी त्यांना खाटेवर पाय लांब करून बसवलं आणि 'पायाचा टॉवेल' आणला. आईने काही म्हटलं नाही.

मामांनी तो आधी गुंडाळू दिला नाही. उजेडाकडे धरला, किनार बोटांत घेऊन चोळली, उलटा करून पाहिला. "सेकंड माल," म्हणाले. "इथं बघ, ताणा तुटलाय. किलोवर घेतला असणार तुझ्या बापाने."

"घेतला असेल. आता ठेवा खाली. दाबा. पाच मोजायचं."

मामांनी डोळे मिटले. ओकटी, रेंडू, मूडू. मांडी थरथरायला लागली. वाटीच्या वर बारीकशी सुरकुती पडली.

"नालुगू," मामा म्हणाले आणि एक डोळा उघडला. "सोडू काय रे?"

"अजून एक."