सिनेमा मुलांना दाखवावा का? आमच्या मंडळीतल्या परीक्षणाचा अनुभव

मिरजेतल्या आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी संडे स्कूल (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) शिकवते. त्यामुळे "ताई, हा पिक्चर मुलांबरोबर बघण्यासारखा आहे का?" असं आया मला विचारायच्या. उत्तर द्यायचं तर आधी स्वतः बघायला हवा, आणि माझ्या एकटीच्या मताला मंडळीचं मत म्हणणंही बरोबर नाही. म्हणून आम्ही काही जणांनी मंडळीच्या मासिक पत्रकात अर्धं पान मागितलं. नवे सिनेमे, घरात चालणाऱ्या मालिका, आणि ख्रिस्ती कुटुंबाने त्या बघताना कशाकडे लक्ष द्यावं, एवढाच विषय.

परवानगी लगेच मिळाली नाही. देवळाच्या पत्रकात सिनेमा कशाला, असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं. मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची हकिकत सांगितली. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी सिनेमा बघताना आपल्याकडच्या देवांच्या कथाही अशा पडद्यावर याव्यात, हे त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यातून 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे ऐकलेलंच नव्हतं. तरी होकार मिळाला तो दुसऱ्याच कारणाने. पाळक साहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, "पोरांच्या हातात मोबाईल आहे, बघायचं ते बघतातच. निदान आई-बापांना त्यावर बोलता तरी येऊ दे."

मग सिनेमा पारखायचा तक्ता तयार करायला बसलो. महिला मंडळाने सुचवलेले रकाने उघड होते: शिव्या, मारामारी, दारू-सिगारेट, अंगप्रदर्शन. ते ठेवले, कारण लहान मूल असलेल्या आईला आधी तेच हवं असतं. पण त्या तक्त्यावर पहिला सिनेमा पूर्ण स्वच्छ उतरला, आणि तरीही बघून आलेल्या कुणालाच तो आवडला नव्हता. एक शिवी नाही, रक्ताचा थेंब नाही. पण नायक आईला घालूनपाडून बोलतो आणि सगळं थिएटर हसतं. सूड पुरा झाला की तो मोठा माणूस ठरतो. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्यावर आमच्यातल्या एका मावशींनी, त्या निवृत्त परिचारिका, बायबलमधल्या नाथान संदेष्ट्याची आठवण काढली. दावीद राजाने व्यभिचार केला, एका माणसाला मारवलं, आणि नाथानाने त्याला उपदेश केला नाही, गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली. गोष्ट ऐकून दावीद संतापला, तेव्हा "तो मनुष्य तूच आहेस" म्हणून त्याला आरसा दाखवला. मावशींचं म्हणणं असं, की पवित्र शास्त्रात खूनही आहे आणि भावाने भावाला विकणंही आहे. शास्त्र पाप लपवत नाही, पण त्याला पाप म्हणतं. म्हणून आम्ही तक्त्याखाली मोकळी जागा सोडली. या सिनेमात वाईटाला वाईट म्हटलंय का? ज्याचं नुकसान झालं त्याचं दुःख दिसतं का? क्षमा कुठे आहे, आणि ती दुबळेपणा म्हणून दाखवलीय का? परीक्षणाचं खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

सिनेमाच्या सरकारी प्रमाणपत्राबद्दलही पालकांना समजावून सांगावं लागलं. यूए म्हणजे सगळ्यांना चालणारा, असं पुष्कळांना वाटतं. 2024 च्या नव्या नियमांनी यूएचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत, पण ते पालकांसाठी सूचना म्हणून आहेत. थिएटरवाला लहान मुलाला अडवू शकतो तो फक्त ए, म्हणजे प्रौढांसाठीच्या, प्रमाणपत्राच्या सिनेमाला. ओटीटीवर तर वयाची पातळी ते प्लॅटफॉर्मच ठरवतं, आणि तेरा वर्षांवरील मजकुराला पालकांसाठी लॉक देणं 2021 च्या नियमांनी बंधनकारक केलंय. ते लॉक कसं लावायचं हे उपासनेनंतर घरोघरच्या मोबाईलवर दाखवत बसले. हे काम कंटाळवाणं होतं, पण परीक्षणापेक्षा कदाचित याचाच उपयोग जास्त झाला.

ज्या विषयावर मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटलं तो मात्र वेगळाच होता. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवतो. तो मनाचा चांगला आहे, लोकांचा लाडका आहे, पण त्याच्या आगेमागे किती सिनेमांत ख्रिस्ती म्हणजे बाटली, फ्रॉक आणि मोडकी हिंदी एवढंच! माझ्या मुलाने एकदा विचारलं, "आई, आपल्यात असं कोण बोलतं गं?" आमच्या घरी कुणीच बोलत नाही. मिशनरी डॉ. वॉनलेस यांच्या मिरजेतल्या दवाखान्यामुळे आसपासच्या खेड्यांतून कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं मिरजेत आली, तशीच आमचीही. आम्ही भाकरी-आमटी खातो, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची मराठी गीतं गातो. वर्गातली मुलं माझ्या मुलाला त्या सिनेमावरून चिडवतात, तेव्हा त्याला वाईट वाटतं. म्हणून ख्रिस्ती पात्र असलेल्या प्रत्येक सिनेमाला आम्ही एक ओळ वाढवली: या पात्रात माणूस दिसतो की नुसता साचा? हाच प्रश्न मुसलमान, मारवाडी, खेडवळ पात्रांनाही लावायचा, असं तरुण संघातल्या पोरांनी सुचवलं. मला त्याचा फार आनंद झाला.

दुसऱ्यांच्या धर्मावरचे सिनेमे कसे घ्यायचे, यावर बरीच चर्चा झाली. ठरलं ते असं: त्यात काय आहे ते सरळ सांगायचं, मुलं काय विचारतील ते सांगायचं, शेजाऱ्याच्या श्रद्धेला गुण द्यायचे नाहीत. आमची पत्रकं शेजारीही वाचतात.

मनापासून लिहिलेलं एक परीक्षण 'श्वास'चं. सिनेमा जुना, 2004 चा, पण दवाखान्याच्या गावात तो दाखवायलाच हवा, असा मावशींचा आग्रह. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्याच्या कर्करोगासाठी शहरात आणतात. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल, आणि डॉक्टर म्हणतात हे मुलाला आधी सांगायला हवं. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेऊन जग दाखवतात, तिथे आमच्या हॉलमध्ये सगळे रडले. सहा-सात वर्षांची मुलं घाबरतील, हे आम्ही स्पष्ट लिहिलं. खाली पालकांसाठी एकच प्रश्न: बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात 'जे काही सत्य' त्याचं मनन करा म्हटलंय, मग आजारी मुलाला सत्य कुणी आणि कसं सांगायचं? त्या रविवारी वर्गात मुलांनी याची उत्तरं दिली, ती आमच्या परीक्षणापेक्षा पुष्कळ खोल होती. एक मुलगी म्हणाली, "आधी हात धरायचा, मग सांगायचं."

आता प्रत्येक सिनेमा निदान तिघे बघतात: एक आई किंवा बाप, एक तरुण, एक वयस्कर. मत जुळलं नाही तर दोन्ही मतं छापतो. चांदण्या किंवा गुण देत नाही, कारण मग लोक खालचं वाचत नाहीत. ज्या मंडळीला हे सुरू करायचं असेल त्यांनी आधी एखादा सिनेमा एकत्र बघून त्यावर तासभर बोलावं आणि तक्ता नंतर करावा. आमचा तक्ता हवा असेल तर आनंदाने देऊ, रकाने मात्र तुमच्या घरातल्या मुलांकडे बघून बदला.