अगं, कोण गेलं?

मागच्या शनिवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. माझ्या मागे हॉलमध्ये सहा पिशव्या मांडून ठेवलेल्या: लेकाला तोकडी झालेली जॅकेट्स, नवऱ्याचे शर्ट, माझे ऑफिसचे कपडे. सगळं धुतलेलं, घड्या घातलेलं. बोलता बोलता आई थबकली, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि आवाज बारीक करून म्हणाली, "अगं, कोण गेलं?"

कोणी गेलं नव्हतं. आम्ही कपाट आवरत होतो.

तिचंही चूक नाही. आमच्या पंचवटीच्या घरातून इतके धडधाकट कपडे एकदम बाहेर पडलेले तिने एकदाच पाहिलेत, आजोबांचं तेरावं झाल्यावर. एरवी कपडा घर सोडतोच कुठे? थोरल्याचा धाकट्याला, मग घरात घालायला, मग रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायला, त्यानंतर पोछा आणि शेवटी बाबांची स्कूटर पुसायला. घंटागाडीत पडेपर्यंत तो कोणाचा होता हे ओळखूही येत नसे.

नाशिकच्या सातपूरच्या कंपनीतून नवऱ्याची इकडे जर्मनीत स्टुटगार्टला बदली झाली, त्याला आता सात वर्षं होतील. इथे जुन्या कपड्यांसाठी कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी पेट्या असतात. वर एक झडप, पिशवी ठेवायची, ढकलायची, धप्प आवाज येतो, आपण मोकळे. मला ही सोय फार आवडायची. नाशिकला सुट्टीवर गेले की मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे, बघा, कसं सगळं मार्गी लागतं.

तर त्या शनिवारी मी पिशव्या घेऊन पेटीपाशी गेले आणि खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. या आजी म्हणजे आमच्या इमारतीचं पोलीस ठाणं. इथे जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, तिला केअरवोखे म्हणतात. माझ्या पाळीनंतर आजी कठड्यावरून बोट फिरवून बघतात. त्यांनी माझ्या पिशव्यांकडे पाहिलं आणि विचारलं, यात फाटकं काही आहे का? होतं. गुडघ्याला फाटलेल्या दोन पॅन्ट, भोकं पडलेले मोजे, ताण गेलेल्या लेगिंग्ज. मी ऐटीत सांगितलं, हो, आता नवा नियम आलाय ना, कापड कचऱ्यात टाकायचं नाही.

नियम आलाय हे खरंच. 1 जानेवारी 2025 पासून युरोपियन युनियनमधल्या देशांनी टाकाऊ कापड वेगळं गोळा करायचं, असं ठरलं आहे. पण आजींनी मला तिथेच उभं करून शिकवणी घेतली. पेटी चांगल्या कपड्यांसाठी. स्वच्छ, कोरडे, पिशवीचं तोंड बांधलेलं, बुटांची जोडी एकमेकींना बांधलेली. ज्याच्या चिंध्या झाल्यात किंवा जे मळून ओलं झालंय, ते अजूनही घरच्या काळ्या डब्यात. कारण एक ओली पिशवी आत पडली की सगळ्यांना बुरशी धरते. नियम आल्यावर माझ्यासारख्या अर्धवट वाचणाऱ्यांनी पेट्या चिंध्यांनी भरल्या, निवडायचा खर्च वाढला, जुन्या कपड्यांचा भाव आधीच पडलेला. काही गावांत तर पेट्या उचलून नेल्या. मी घरी आले, सहाच्या सहा पिशव्या पुन्हा उपसल्या आणि जमिनीवर बसून निवडायला लागले. राग आला होता. आजींचा नाही, हातात जी लेगिंग आली तिचा.

निवडताना आमच्या बोहारणीची आठवण झाली. तुम्हाला ती काय हे सांगायला नको, पण आमची जरा वेगळी होती. दुपारी दोनच्या सुमाराला, घरातले पुरुष कामावर आणि बायका जराशा आडव्या झालेल्या, तेव्हा "भांडीयेऽऽ" अशी हाक यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर गाठोडं. ओट्यावर बसली की आधी पाणी मागायची. मग आई एकेक कपडा पुढे करी आणि हिचं काम सुरू. पॅन्ट उजेडासमोर धरायची, बसायच्या जागी दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायची. शर्टाची कॉलर उलटी करायची. साडी असेल तर पदर नाही, आधी निऱ्यांचा भाग तपासायचा, कारण विरते तिथेच. जरीचा काठ दिसला की चेहरा मुद्दाम निर्विकार. आई पातेल्यावर बोट ठेवी, ती डबा पुढे सरकवी. "ताई, यात चमचा पण यायचा नाही." तासभर चाले हे. शेवटी एक पॅन्ट जास्तीची देऊन आई झाकणासकट डबा मिळवी आणि संध्याकाळी बाबांना सांगे की फुकट मिळाला. बाबा आपली पॅन्ट शोधत असत.

ती ते कपडे धुऊन, उसवलेलं शिवून, इस्त्री करून पुढे विकायची. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात एकदा मी माझाच फ्रॉक ओळखला होता. काजव्यांची नक्षी होती त्याच्यावर. आईने माझा हात ओढून मला पुढे नेलं, हे आठवतं.

आता बघा, युरोपात कारखाने उभारून जे निवडण्याचं काम करतात, ते ही बाई ओट्यावर बसून दोन अंगठ्यांनी करत होती. आणि कपडा देणाऱ्याला काहीतरी मिळत होतं, म्हणून देणाराही चिंधी देत नव्हता. पेटीला काय कळतंय? ती सगळंच गिळते. एवढं मी तावातावाने आईला ऐकवलं, तर ती म्हणाली, "आता कुठली आलीय बोहारीण. गंगापूर रोडला तुझ्या मावशीच्या सोसायटीत वॉचमन वर सोडत नाही. अन् तुमच्या त्या चापूनचोपून बसणाऱ्या विजारी ती घेईल होय?"

मग मी शोधलं की पेटीतलं पुढे जातं कुठे. दान म्हणून टाकतो, पण बरेचदा संस्था ते वजनावर निवडणाऱ्या व्यापाऱ्याला विकतात आणि आलेल्या पैशांतून आपलं काम चालवतात. उत्तम ते इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात, त्याखालचं पूर्व युरोपात, आफ्रिकेत, उरलेलं फडकी नाहीतर पिंजून भरण. घानात अक्रा शहरात कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. 2025 च्या जानेवारीच्या सुरुवातीलाच त्याला आग लागून मोठा भाग जळाला. तिथे या कपड्यांना म्हणतात "ओब्रोनी वावू", गोऱ्या माणसाच्या मयताचे कपडे. कारण जिवंत माणूस इतकं चांगलं टाकून देईल, यावर पहिल्या लोकांचा विश्वासच बसला नाही.

हे वाचलं आणि मी आईला रात्रीच फोन लावला. नाशिकला पहाटेचे तीन वाजले होते हे विसरून. तिला खरंच वाटलं की आता तरी कोणीतरी गेलं.

काही गठ्ठे भारतातही येतात. अंगात घालण्याजोगे जुने कपडे आपल्याकडे सरसकट आणता येत नाहीत, म्हणून ते चिरून, फाडून चिंध्या म्हणून येतात आणि पानिपतला पोचतात. तिथे बायका बटणं आणि चेन कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात म्हणजे पुन्हा रंगवायला नको, मग ते पिंजून त्याचं सूत काढतात. त्या सुताची कांबळी. भूकंप-पुरात वाटतात ती करडी, जरा टोचणारी. म्हणजे माझ्या नवऱ्याचा स्वेटर फिरून एखाद्या थंडीत निफाडला द्राक्षाच्या मळ्यात कोणाच्या अंगावर पडू शकतो. मला हे फार आवडलं. नवरा म्हणाला, एवढ्या फेऱ्यापेक्षा स्वेटर मीच अजून दोन वर्षं घातला असता.

आपण फार शहाणे, असंही नाही. कॉलेजात एनएसएसमधून आम्ही दिवाळीत पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर कपडे घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री निवडायला बसलो तर काय काय निघालं: नाडी नसलेले परकर, एकाच पायातला बूट, टिकल्या गळणारी शेरवानी. पाड्यावरच्या एका आजीने सगळं चाळून विचारलं, "लुगडं न्हाई का एखादं?" नव्हतं. कोणी दिलंच नव्हतं. 1999 साली सुरू झालेली 'गूंज' ही अंशू गुप्तांची संस्था हेच सांगते, की कपडा भीक म्हणून देऊ नका. गावाने आपलं काम करावं, विहीर खणावी, रस्ता करावा आणि मोबदल्यात कपडा घ्यावा. गुप्तांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि आपल्या रामकुंडावर दहाव्याला गंगेत सोडलेल्या कपड्यांबद्दल मी इथल्या कोणाशीच बोलत नाही. आजींशी तर नाहीच.

तरी एक सांगते, मी काही दर महिन्याला कपडे घेणाऱ्यातली नाही. सेल लागला तरच. आणि पोराचं अंग वाढतं त्याला मी काय करू?

शेवटी चार पिशव्या पेटीत गेल्या, एक तिथल्या गरजूंच्या कपडेघरात. त्यांनीही उन्हाळी कपडे परत केले, थंडी संपल्यावर आणा म्हणाले. सहावी तळघरात आहे. त्यात दोन जुन्या सुती चादरी, पडदे आणि त्या लेगिंग्ज. मी कॅमेऱ्यासमोर एकेक धरलं, आईने बोहारणीसारखं पारखलं. चादरी-पडद्यांची गोधडी होईल म्हणाली, मे महिन्यात येताना जाड सुई आणि दोऱ्याची रिळं आणतेय. लेगिंगला तिने कॅमेऱ्यातूनच हात जोडले. "याची गोधडी होत नाही, याने पाणीसुद्धा पुसलं जात नाही. कशाचं करतात गं हे?"

पॉलिस्टरमध्ये इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, मिसळून, मी म्हटलं. एकदा मिसळलं की धागे पुन्हा वेगळे करणं फार अवघड. जगात जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा होण्याचं प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी आहे, असं सांगतात.

"मग घालून संपव," ती म्हणाली.

"अगं, ताण गेलाय त्याचा."

"घरात कोण बघतंय?"

आत्ता हे लिहिताना तीच घातली आहे. दर पाच मिनिटांनी वर ओढावी लागते.