पट्ट्या काढल्या

“सर, आता ‘ग’ कुठंय?”

“तानपुऱ्यात. ऐक.”

आज क्लासमध्ये सरांनी लेकीच्या व्हायोलिनवरच्या रंगीत चिकटपट्ट्या नखानं खरवडून काढल्या. वर्षभर ती त्या बघूनच बोटं टेकवायची. मग सुरू झाली शोधाशोध. बोट केसभर वर, केसभर खाली. गज थरथरला, सूर विव्हळला, बाहेर कुत्रं भुंकलं (खरंच!). आणि एकदम तो ‘ग’ तानपुऱ्यात विरघळला. पहिल्यांदाच तिची नजर बोटांवर नव्हती.

सतारीसारखे पडदे नाहीत, म्हणून तर व्हायोलिनवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, लोण्यासारखी जाते. पण म्हणूनच चुकायलाही सगळं रान मोकळं. थोर व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग आपल्या वाईचे, जन्म १९२२चा. त्या काळी वाईत असल्या चिकटपट्ट्या कुठल्या असायला!

तरी सुरुवातीला पट्ट्या हव्यातच, हात बसतो, हे मला पटतं. त्या काढायच्या कधी, तेवढंच कळत नाही. लेक आठवीत आहे आणि तिचं दप्तर अजून मीच भरते.

परतताना पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलो, तर तिनं त्या पट्ट्या माझ्या मोबाईलच्या कव्हरवर चिकटवल्या.

“राहू दे आई, तुलाच लागतील.”