ओफेलियाच्या हातातली फांदी

पॅरिसमधला एक अख्खा दिवस मी देलाक्रवासाठी राखून ठेवला होता. फुर्स्टनबर्गचा चौक अगदी एवढासा. मधोमध पाच गोलांचा दिवा, भोवती झाडं. तिथल्या सहा नंबरच्या घरात हा चित्रकार १८५७च्या डिसेंबरात राहायला आला. जवळच्या सँ-सुलपीस चर्चमधली भित्तिचित्रं पुरी करायची होती आणि तब्येत साथ देत नव्हती. १८६३ मध्ये तो इथेच गेला. आता घराचं संग्रहालय झालंय.

मला पाहायचे होते शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकावरचे त्याचे लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेली चित्रं. कागदाला उजेड सोसत नाही म्हणून दिवे मंद ठेवलेले. डोळे सरावायला जरा वेळ लागला.

१८२७ मध्ये एक इंग्रज नाटकमंडळी पॅरिसला आली आणि ओदेओं थिएटरात ‘हॅम्लेट’ झालं. चार्ल्स केंबल हॅम्लेट, हॅरिएट स्मिथसन त्याची प्रेयसी ओफेलिया. देलाक्रवानं ते पाहिलं आणि पुढे १८३४ पासून १८४३ पर्यंत तो त्यातले प्रसंग दगडावर काढत राहिला. तेलकट खडूनं दगडावर काढायचं, तेही उलटं, कारण छापताना डावं-उजवं फिरतं. त्या खडूचा रवा कागदावर अजून दिसतो. काळोखाला त्यामुळे एक खरखरीतपणा येतो, जणू हात लावला तर बोटांना काजळी लागेल.

हॅम्लेट पडदा उचलून, त्याच्याच हातून मेलेल्या ओफेलियाच्या बापाच्या, पोलोनियसच्या प्रेताकडे बघतो, त्या चित्रापाशी मी बराच वेळ थांबले. चेहरा कोवळा, मिसरूडही नाही. हॅम्लेटसाठी म्हणे एक बाईच समोर बसली होती. रंगमंचावर हा क्षण पुढच्या वाक्याबरोबर सरून जातो. इथे उचललेला पडदा खाली येतच नाही.

पण माझा पाय अडकला तो ओफेलियापाशी. तिचं बुडणं नाटकात दिसतच नाही, राणी, म्हणजे हॅम्लेटची आई, येऊन ते नुसतं सांगते. देलाक्रवानं ते ऐकलं आणि काढलं. अंग निम्मं पाण्यात, एका हातानं फांदी धरलेली. ती फांदी मी अगदी जवळ जाऊन पाहिली. फार जाड नाही. राणीच्या बोलण्यात फांदी मोडून गेलेली असते. इथे ती अजून मोडलेली नाही, आणि म्हणून बघवत नाही.

१८४३ मध्ये त्यानं सोळांपैकी तेरा चित्रं स्वखर्चानं छापली, अवघे ८० संच. सगळी सोळा एकत्र निघाली ती १८६४ मध्ये, तो गेल्यानंतर. याची मला खरंच हळहळ वाटते.

बाहेर पडले ती थेट ओदेओंकडे चालत निघाले. दहा-बारा मिनिटांचं अंतर. समोर खांबांची उंच रांग, आणि दाराशी त्या रात्रीच्या प्रयोगाची तिकीटविक्री सुरू होती. नाटक फ्रेंचमध्ये होतं. मी रांगेत उभी राहिले.