गाडीच्या तोंडाची जागा

पुण्याच्या गाडीत खिडकी मिळाली म्हणून मुंबईकराचं समाधान होईलच असं नाही. खिडकी गाडीच्या तोंडाच्या दिशेला हवी. उलटं बसलं की मळमळतं म्हणे. 1863 ते 1929 या काळात हा हट्ट निम्माच पुरा व्हायचा. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या कडेवर रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथून गाडी शेपटाकडून निघायची, आणि कर्जतपासून ऐटीत सरळ बसलेला माणूस लोणावळ्याला उलटा पोहोचायचा.

हे स्टेशन गावासाठी नव्हतंच, ते चढासाठी होतं. भोर घाटात रूळ एकूण 1,831 फूट चढत, कुठे कुठे 37 फुटांना 1 फूट. इतक्या चढावर गाडी वळवायला ऐसपैस जागा लागते आणि डोंगराच्या सोंडेवर ती मिळेना. मग मुख्य अभियंता जेम्स बर्कलेनं रूळ एका सपाट तुकड्यावर आणून संपवले आणि तिथूनच उलट दिशेनं वर काढले. गाडी पूर्ण आत घ्यायची, ब्रेक आवळायचे, इंजिनाचं कपलिंग सोडायचं, बाजूच्या रुळावरून इंजिन दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं, सांधा फिरवायचा, की पुन्हा चढण. यात वेळ जायचा तो जायचाच, पण खरी अडचण लांबीची. सपाट तुकडा जेवढा, गाडी तेवढीच. डबे वाढवायचे तर आधी डोंगर फोडा.

बर्कले 1862 मध्येच वारला. 21 एप्रिल 1863 चं उद्घाटन त्याला दिसलं नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये गेला, तेव्हा त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, कंत्राट सोडलं नाही. 1861 मध्ये घाटात 40 हजारांवर मजूर राबत होते. पटकीनं त्यातले किती नेले!

1929 मध्ये नवा मार्ग झाला, स्टेशन सुटलं. पुढच्याच वर्षी, 1 जूनला, डेक्कन क्वीन धावली. इंजिन काढा-जोडा करत ताटकळणारी राणी कुणाला परवडली असती?

उतार मात्र तोच राहिला. म्हणून खाली येणारी गाडी आजही घाटात ठरल्या जागी थांबते. तिथला सांधा आधीपासून कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढणाऱ्या आडरुळाकडे, लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवलं तरच सरळ वाट मिळते. ब्रेक गेलेली गाडी त्या चढावर जाऊन दमते. डब्यात तेवढ्यात कुणीतरी जाणकारपणे सांगतो, ‘क्रॉसिंग असेल.’ घाटात तीन मार्ग आहेत. क्रॉसिंग कसलं डोंबलाचं!