चूक एकट्या केलेबची नाही
१२ नोव्हेंबर २०२४. आज बेअर्सने, म्हणजे शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव आखणारा प्रशिक्षक) शेन वॉल्ड्रनला काढलं. शिकागोतल्या आमच्या ऑफिसात लंचभर दुसरा विषयच नव्हता. आधी कार्डिनल्सकडून ९-२९ हरलो, मग रविवारी घरच्या सोल्जर फील्डवर पेट्रियट्सकडून ३-१९. दोन सामन्यांत एकही टचडाउन नाही, म्हणजे बॉल एकदाही समोरच्या एंड झोनमध्ये नेता आला नाही!

निम्मे जण आमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) केलेब विल्यम्सवरच घसरले. बॉल फार वेळ धरून ठेवतो म्हणे. अरे, रविवारी त्याला ९ वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल फेकण्याआधीच पाडलं! त्याला वाचवणारी समोरची लाइनच उभी राहत नसेल तर पहिल्याच हंगामातल्या पोराने बघायचं कुठे आणि फेकायचं कुणाला? तावातावाने बोललो मी.

१९८५चा चॅम्पियन संघ पाहिलेले सहकारी म्हणाले, इथे डिफेन्सच (बचावच) जिंकून देतो. नाही पटत. या संघाच्या एकाही क्वार्टरबॅकने आजवर एका हंगामात पास फेकून ४,००० यार्ड गाठलेले नाहीत, मग आक्रमण सुधारायला नको?

आता आक्रमणाचे प्ले (डाव) वॉल्ड्रनच्या जागी थॉमस ब्राउन ठरवणार. येत्या रविवारी पॅकर्सचा संघ खेळायला येतोय. लाइन सावरा रे आधी!